खाडीवर तळणाचा वास

बाबीकाकाने बनवलेल्या पहिल्या डिझेलने मी भांडी घासली.

थट्टा नाही! माझ्या देवबागच्या खानावळीतलं जळकं तेल नेऊन हा माणूस होडीसाठी बायोडिझेल करायला बसला. तेलात पाणी राहिलं आणि झाला साबण.

"सुमन, ह्यो घे. भांड्यांका लाव."

दुसरा कोणी तोंड लपवून बसला असता. हा दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन परत माझ्या दारात.

मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला. तेल गाळायचं, तापवून पाणी उडवायचं, मग मेथेनॉल नि कॉस्टिकची भानगड. खाली ग्लिसरीन बसायचं, वर मधाच्या रंगाचं डिझेल.

एकदा वैतागून म्हटलं, "काका, कशाला एवढा खटाटोप? देते ओतून खाडीत."

"वत खाडीत! आणि उद्या त्याच खाडीतले माशे तळून लोकांका घाल!"

दिला कॅन भरून.

होडी सुरू झाली की भज्यांचा वास सुटायचा. डॉल्फिन बघायला होडीत बसलेले पर्यटक ते सोडून विचारायचे, "इथे जेवण कुठे मिळतं?"
काका सरळ माझ्या खानावळीकडे हात करायचा. असली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही हो.

परवा काका गेला.

आज अस्थी न्यायच्या होत्या. आजारपणामुळे होडी कधीची बंद, कॅनमध्ये उरलेलं डिझेलही जुनं. मुलगा मंगेश म्हणाला, "आई, दुसऱ्याची बोट सांगूया. मधेच बंद पडली तर?"

काकी हटेना. "तेंच्याच होडयेन जातले. तेंच्याच डिझेलान."

इंजिन खोकलं. गप्प.
परत खोकलं. परत गप्प.
काकी कलश पोटाशी धरून बसलेली. मी रवळनाथाला हात जोडले.

आणि धडधडलं की हो!

मागोमाग तो वास. भजी, बांगडे, सगळं एकदम.

घरात सुतक. कढई सोडा, साधी फोडणी नाही. आणि इथे भर खाडीत तळणाचा घमघमाट! भटजी दचकून माझ्याकडेच बघायला लागले.

काकी रडता रडता हसली.
"कढय खंय चढली, भटजीनू? हे निघाले."

मग मात्र मला आवरलं नाही.

काका, मागच्या दारी जळक्या तेलाचा कॅन भरून ठेवलाय. बारावं झालं की मंगेश न्यायला येणार आहे.
त्याला सांगितलंय, पहिल्या खेपेला साबण झाला तर माझ्याकडेच आण.

सावकाश जा, काका. भरल्या मनाने नमस्कार.