फक्कीची न्हाणी

कात्रजच्या पलीकडचं ते गाव शहराच्या हद्दीत आलं, तेव्हा सगळ्यांनी घाईघाईने मजले चढवून घेतले. दत्तोबांनी फक्त गोठ्याला पत्र्याची पडवी काढली आणि महापालिकेच्या कचेरीची गाडी नेमकी तीच पाडायला आली. शेजारची तीन मजली घरं खाली वाकून बघत होती. त्या दिवसापासून दत्तोबांनी ठरवलं, कागद हातात आल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. तेव्हापासून घरातलं कॅलेंडर दरवर्षी जुन्याच खिळ्याला लागे.

पण मथुराबाईंचे गुडघे गेले. संडास परसात, पार कुंपणाशी, पेरूखाली. बायकोने या वयात अंधारात बाहेर पडू नये, म्हणून दत्तोबांनी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून न्हाणी आणि संडास बांधायचं मनावर घेतलं.

काळही बरा होता. एका कुटुंबाच्या छोट्या घरांना परवानगी आता सोपी झाली होती. श्यामसुंदर नावाचा इंजिनिअर येऊन नकाशा काढून गेला.

"काका, पूर्वीचे हेलपाटे विसरा. माझी सही, संगणकावर नकाशा, आठवड्यात काम. आपण घरातून उठायचंसुद्धा नाही."

दत्तोबा उठले ते भटजींकडे जायला. मुहूर्त होता गुरुवारचा. पुढे चातुर्मास लागणार. पूजा म्हणजे काही बांधकाम नव्हे, असा कायदा त्यांनी स्वतःपुरता केला. गवंड्याने मागच्या दाराला धरून जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने चौकोन आखला, कोपऱ्यांवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला.

घोटाळा झाला तो इथे. आखलेल्या रेघेवर नारळ फुटला की ती भिंत, ती ओलांडायची नाही, अशी त्या घराची रीत. आणि नकाशात न्हाणीला दार एकच, स्वयंपाकघरातून. म्हणजे मागच्या दारातून पाऊल टाकलं की माणूस न्हाणीत, आणि पुढे सगळीकडून बंद. मथुराबाई मग पुढच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, टाकीजवळच्या शेवाळलेल्या बोळातून परसात जाऊ लागल्या.

त्यांचा मुलगा जयसिंग रेघेवरून खुशाल ये-जा करी. "आई, चुना हाय त्यो."

"भिंत हाय. भिंतीतनं भूत जातं, मानूस न्हाय."

"मग मी कोन?"

"तुझं मला आधीपासनं ठावं हाय."

आठवडा गेला, आषाढही गेला. संगणकाला घरासमोरच्या रस्त्याची रुंदी हवी होती आणि ती कुठेच नोंदलेली नव्हती. ज्या साहेबांनी नोंदवायची, ते निवडणुकीच्या कामाला लागलेले. रुंदी भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. दत्तोबा स्वतः टेप घेऊन रस्ता मोजून आले.

"तुमची रुंदी चालत नाही, काका."

"का? रस्ता त्योच हाय की."

"रस्ता तोच. पण साहेबांनी मोजलेला लागतो."

पाऊस फक्की धुऊन नेई आणि उघडीप पडली की दत्तोबा चिमटीने, रांगोळी घालावी तशी, पुन्हा भिंत घालत. शेजारणी विचारीत, न्हाणी कुठवर आली? मथुराबाई म्हणत, "चुन्याचं काम झालंया. आता तेवढ्या विटा ऱ्हायल्या."

एका संध्याकाळी मात्र पाय चोळता चोळता त्या म्हणाल्या, "अवं, तुमीच घातलीया ही भिंत, तुमीच पुसा. लई वळसा पडतोय."

"नारळ फुटलाय तिच्यावर. अपशकुन हुईल. कागद आलाच म्हन."

भादव्यातल्या एका पहाटे बोळात त्यांचा पाय घसरला. खुबा मोडला. दवाखान्यातून आणून त्यांना खाटेवर निजवलं, आणि संडासाला कसं जायचं हा प्रश्न एका पांढऱ्या भांड्याने कायमचा सुटला. दत्तोबा ते भांडं उचलून पुढच्या दाराने निघत, घराला वळसा घालून त्याच बोळातून जात. मथुराबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहत. पण भिंतीचं पुन्हा काही बोलल्या नाहीत. दिवाळीच्या आधी त्या गेल्या.

तेराव्यानंतर परवानगी आली. श्यामसुंदरच्या फोनवर, घरबसल्या, म्हटल्याप्रमाणेच. तो गवंड्याला घेऊन आला, तेव्हा दत्तोबा मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. पलीकडे पेरू दिसत होता. इथून तो इतका जवळ आहे, हे एवढ्या महिन्यांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"कुठनं खोदू, दत्तोबा?" गवंड्याने विचारलं.

"खोद कुठनंबी. पर समोरच्या भिंतीला अजून एक दार ठेव. पेरूकडं."

"न्हाणीला दोन दारं? आता कुनाला जायचंय तिकडं?"

श्यामसुंदरने फोनवरचा नकाशा बोटांनी मोठा करून पाहिला.

"काका, मंजूर नकाशात एकच दार आहे. दुसरं काढायचं तर नव्याने परवानगी घ्यावी लागेल."

दत्तोबांनी शेजारची फक्कीची पाटी पुढे ओढली. पुसट झालेल्या रेघेवर ते चिमटीने चुना सोडू लागले. पेरूच्या बाजूला दारापुरती जागा मोकळी ठेवली.

"घाला अर्ज," ते म्हणाले. "आता कुनाला घाई हाय?"