जयगडच्या नानांची अठ्ठावन्नची लेन्स

कोरा करकरीत डिजिटल कॅमेरा घ्यायचा आणि मग त्याच्यासाठी चाळीस वर्षं जुनी, हाताने फोकस करायची लेन्स शोधत एसटीने कोकण गाठायचं, याला आमच्या ऑफिसात एकच शब्द आहे : येडचाप. असू दे. खरं कारण मी त्यांना सांगितलेलं नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स क्षणात फोकस करून मोकळी होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको वेगळे झालो, तेव्हापासून माझे रविवार संपता संपत नाहीत. मला वेळ खाणारी लेन्स हवी होती.

एका फोरमवर जाहिरात दिसली. रत्नागिरीतला स्टुडिओ बंद केला आहे, तीन जुन्या लेन्स विकायच्या आहेत, बघायला यावं लागेल. खाली महेश नावाच्या माणसाचा फोन. लेन्स त्याच्या काकांच्या, नानांच्या होत्या आणि नाना आता जयगडला एकटे राहतात, असं तो म्हणाला. जानेवारीतल्या एका शुक्रवारी रजा टाकली आणि स्वारगेटहून सकाळची गाडी पकडली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, साध्या एसटीने कुंभार्ली घाटातून गेलात तर पूर्ण दिवस गेलाच म्हणून समजा. पाटणच्या पुढे रस्ता असा की दोनदा डोकं खिडकीवर आपटलं. घाट उतरल्यावर मात्र स्वेटर काढावा लागला आणि मोहोराचा वास यायला लागला. शेजारची सीट चिपळूणपर्यंत रिकामीच होती. संध्याकाळी रत्नागिरीत स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि खालच्या खानावळीत सुरमईची थाळी सांगितली.

"एकटेच?" वेटरने विचारलं.

"एकटाच."

त्याने समोर मांडलेला दुसरा ग्लास उचलून नेला. थाळी झकास होती, हे त्या खानावळीच्या बाजूने सांगायला हवं.

शनिवारी सकाळी जयगडची गाडी. दीड-दोन तास लागतात. वाटेत सगळा जांभा आणि वाळलेलं गवत, आणि पुढे बंदराच्या कामाचे डंपर. त्यांच्या लाल धुळीने माझा पांढरा शर्ट खांद्यापर्यंत बदामी झाला. नानांचं घर रस्त्यालाच लागून, दोन खोल्यांचं. सत्तरी ओलांडलेला, काटक माणूस दारातच उभा होता.

"आलात? आधी पाणी घ्या. लेन्स काय पळून जात नाय."

लेन्स होत्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या. कोकणातल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काच कायमची खराब होते. भाजलेले तांदूळ ओल ओढून घेतात. "पावसात दर पंधरा दिवसांनी बदलतो. चाळीस वर्षं एकदाही चुकलो नाय," नाना म्हणाले.

अंगणात एकेक लेन्स अडॅप्टरने माझ्या कॅमेऱ्यावर चढवली. अठ्ठावीस मिलिमीटरची जपानी, पण फोकसची रिंग इतकी घट्ट की मनगट दुखलं. एकशे पस्तीसची लांबचं टिपणारी. रिंग छान फिरत होती, पण माझ्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ती आणखी लांबची होते आणि लांबून बघणं मला आधीच फार जमतं. मग अठ्ठावन्नची, पूर्व जर्मनीची.

"माणसाचा फोटो काढा. माडाचा काढून काय समजणार?" असं म्हणत नाना स्वतःच स्टुलावर बसले.

रिंग हळूहळू फिरवली. आधी नुसता धुरकट रंग, मग कान, मग नाक, मग एकदम त्यांचे डोळे. पुढे गेलो, मागे आलो, परत फिरवली. गेल्या दोन वर्षांत मी कुणाच्या डोळ्यांत इतका वेळ बघितलं नव्हतं. मला हीच लेन्स हवी होती.

जेवायला कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी. नानांनी स्वतः रांधलेलं. ते भरभरून बोलत होते : लग्नाच्या ऑर्डरी, रुसलेल्या वरमाया, बोरिवलीला स्थायिक झालेला मुलगा. ताटावरून उठता उठता म्हणाले, "अठ्ठावन्नची मात्र नेऊ नका. आत बुरशी धरल्यान. पुढल्या महिन्यात या, साफ करून ठेवतो."

मी वर्षभर फोरम वाचून हुशार झालेला. खिशातून टॉर्च काढला, मागच्या बाजूने उजेड टाकला, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं.

"नाना, बुरशीचा एक धागाही नाही. काच लख्ख आहे."

गणित सुटलेल्या पोरासारखा मी त्यांच्याकडे बघत राहिलो. नानांनी लेन्स हातात घेतली.

"नाय दिसली? मग तुमचंच बरोबर असेल."

त्यांनी लेन्स फडक्यात बांधली, सोबत तांदळाची एक पुरचुंडी दिली. किमतीवर घासाघीस झालीच नाही. मग त्यांनी उरलेल्या दोन लेन्सच्या डब्याचं झाकण लावलं आणि ताटं विसळायला घेतली.

थांब्यापर्यंत शेजारच्या वाडीत राहणाऱ्या पुतण्याने, महेशने, स्कूटरवर सोडलं. माझ्या हातातलं फडकं बघून तो चाट पडला. "दिलंनी? कमाल झाली. आजवर चौघांना बुरशी आहे म्हणून परत पाठवलंनी. कोल्हापूरचे एक सर तर तीनदा आले. येतात, जेवतात, गप्पा मारतात, जातात. नानांचा महिना बरा जातो."

चाळीस वर्षं तांदूळ न चुकता बदलणाऱ्या माणसाच्या लेन्समध्ये बुरशी येईल कुठून, हे मला तेव्हा उमगलं. मागे फिरता आलं असतं. पण गाडी आली आणि मी चढलो. त्याची लाज अजून वाटते.

पुण्यात परतलो. जुन्या लेन्स घेणाऱ्यांना सल्ला : रिंग फिरवून बघा, उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती तेलकट नाहीत ना बघा, टॉर्च जरूर न्या. मात्र तो बाहेर काढण्याआधी समोरच्या माणसाकडे एकदा नीट बघा.

पुढच्या रविवारी नानांचा फोटो संगणकावर मोठा करून बघितला. घरात दुसरा चेहरा नव्हता. शेवटी महेशकडून नंबर घेऊन नानांना फोन लावला.

"नाना, लेन्स उत्तम आहे. पण इथे फोटो काढायला माझ्याकडे माणूसच नाही. मी परत येऊ का?"

"माझा कसा आलाय?"

"झकास. दाढीचा खुंट न् खुंट दिसतोय."

"मग आधी कळवून या," नाना म्हणाले. "दाढी करून ठेवीन."