एका वितीतला लॅपटॉप

टाइपरायटर दुरुस्त करायचं काम बंद होऊन दहा वर्षं झाली होती, पण मेकॅनिकांची सवय सुटली नव्हती. सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर एखादं मशीन उघडायचं, ब्रशनं धूळ काढायची, तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि परत जोडून ठेवायचं. गल्लीत सगळे त्यांना मेकॅनिकच म्हणत. त्यांच्या बायकोला म्हणत बाई, कारण तीस वर्षं त्या एका वकिलांच्या ऑफिसात मुख्य टायपिस्ट होत्या. दोघांची ओळख तिथलीच. बाईंचं मशीन वरचेवर बिघडायचं. ते खरंच बिघडायचं का, असं लेकीनं लहानपणापासून कितीदा तरी विचारलं होतं. दोघांनीही कधी सरळ उत्तर दिलं नाही.

बाईंचा आजार आधी पायांत शिरला, मग जिभेत. दोन वर्षांत उजव्या हाताचं पहिलं बोट आणि मनगट एवढंच त्यांच्या ताब्यात राहिलं. डोकं मात्र लख्ख होतं. डॉक्टरांनी मेकॅनिकांना आणि लेकीला समोर बसवून सांगितलं की आणखी काही महिन्यांत छातीचे स्नायूही थकतील. तेव्हा गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावायचं की नाही, ते आत्ताच ठरवा. आणि बाईंना सांगता येतंय तोवर त्यांच्याचकडून घ्या. त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात 'रुग्णाचे म्हणणे' असं लिहून खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती, एकाआड एक शनिवारी यायची. तिनं आईसाठी चित्रांचा टॅबलेट आणला होता. पाणी, उशी, दुखतंय, हो, नको, धन्यवाद. चित्रावर बोट टेकवलं की आतली बाई गोड आवाजात तो शब्द म्हणायची. वस्तू चांगली होती, तिला दोन वर्षांची गॅरंटी होती. लेकीनं यंत्राचं विचारलं तेव्हा बाईंनी 'नको' दाबलं. लेक म्हणाली, तिला नीट कळलेलं नाही. बाईंनी पुन्हा 'नको' दाबलं. मग लेकीनं गुडघ्यावर बसून हळूच विचारलं, का गं? बाई सगळ्या चित्रांवरून नजर फिरवत राहिल्या, आणि शेवटी त्यांनी 'उशी' दाबली.

त्यानंतर लेकीनं फॉर्म स्वतःच्या पिशवीत ठेवला. आई घाबरली आहे, आम्हाला त्रास नको म्हणून बोलते आहे, असं तिनं मनाशी धरलं होतं. ती यंत्राला होकार देणार, हे मेकॅनिकांना तिच्या पिशवीची चेन लावण्यावरूनच कळलं.

त्यांनी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून पाहिली. ते एकेका अक्षरावर बोट ठेवत, बाई पापणी मिटत. पण मेकॅनिकांची जुनी खोड अशी की अर्ध्या शब्दातच 'कळलं, कळलं' म्हणून पुढचं आपण पुरं करायचं, आणि ते हमखास चुकायचं. तिसऱ्या दिवशी बाईंनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. त्या झोपल्या नव्हत्या, रागावल्या होत्या.

मग त्यांनी आपल्या पद्धतीनं काम हाती घेतलं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा बाईंच्या बोटाखाली धरला. सकाळी बोट चाळीस ग्रॅम दाबत होतं, दुपारी तीस. मनगट पलंगावरच्या पाटावर टेकवलं की बोट डावीउजवीकडे एक वीत जात होतं, त्याच्यापुढे नाही. तेवढ्या लांबीची कागदाची पट्टी कापून त्यांनी खिशात ठेवली. अक्षरं शोधत बसण्याएवढी नजर बाईंना उरली नव्हती, पण जुन्या मशीनवरच्या सगळ्या जागा त्यांच्या बोटाला पाठ होत्या. म्हणजे लॅपटॉप हवा तो एका वितीतला, चाळीस ग्रॅमच्या आतला, आणि जुन्या टाइपरायटरच्या जागांवर अक्षरं देणारा.

शेवटची अट सगळ्यात अवघड निघाली. दुकानातल्या नव्या लॅपटॉपमध्ये अक्षरांची ती जुनी मांडणी मिळेना. ओळखीच्या एका निवृत्त स्टेनोनं सांगितलं की काही हौशी मंडळींनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवली आहे, फुकट आहे, आणि तिच्यात ती मांडणी अजून आहे. पण ती मंडळी फक्त बारा लॅपटॉपची हमी घेत, आणि ते बाराही परातीएवढे मोठे. छोट्यांची यादी वेगळ्या पानावर होती. वर लिहिलं होतं, 'या मशीनवर आम्ही अधिकृतपणे काही सांगत नाही. चाललं तर चाललं.' खाली कुणाकुणाच्या हातून काय चाललं आणि काय अडलं, त्याच्या नोंदी. मेकॅनिकांनी त्याची एकतीस पानं छापून आणली आणि चष्मा पुसून पुसून वाचली. फार वर्षांनी त्यांना कुणाची तरी भाषा कळत होती.

जुने लॅपटॉप विकणाऱ्या दुकानात त्यांनी चार फेऱ्या मारल्या. तिथल्या दुरुस्तीवाल्या मुलीनं पहिल्या दिवशी विचारलं, काका, रॅम किती पाहिजे? ते म्हणाले, ते नंतर बघू, बटण किती जड आहे ते सांग. मग खिशातून पट्टी काढून त्यांनी कीबोर्ड मोजला आणि बटणावर पाच-पाच ग्रॅमच्या पितळी चकत्या एकावर एक ठेवत गेले, बटण बसेपर्यंत.

"काका, लॅपटॉप घेताय की भाजी?"

पण चौथ्या फेरीला तिनंच आतून एक काळा, कडा झिजलेला लॅपटॉप आणून ठेवला. पट्टीत बसला. सात चकत्यांना बटण खाली गेलं. आधीच्या मालकानं बडवून बडवून बटणं मऊ केली होती. नवा असता तर उपयोगाचा नव्हता. मेकॅनिकांनी आपली पानं उघडून त्याची नोंद काढली. वायफाय लागत नाही. बॅटरी किती उरली ते खोटं दाखवतो. झाकण मिटलं की झोपतो तो परत उठत नाही, बंद करून चालू करावा लागतो. त्यांनी पेन्सिलीनं तिन्हीपुढे खूण केली. वायफाय कशाला हवंय? वायर लावलेलीच राहील. आणि झाकण मिटतंय कोण?

मुलीनं ती सिस्टिम घालून दिली. देताना म्हणाली, "गॅरंटी नाही हं. माझी नाही, कंपनीची नाही, ज्यांनी बनवली त्यांचीही नाही."

"असू दे," मेकॅनिक म्हणाले. "आमच्याकडे सध्या तसलं काहीच नाही."

पाटावर लॅपटॉप ठेवला. बाईंनी बराच वेळ नुसतं बोट फिरवलं, बटण न दाबता, जागा तपासत. मग टाइप केलं: अहो, खिडकी लावा. तीन दिवस सांगतेय.

मेकॅनिक खिडकी लावून तिथेच गजांना धरून उभे राहिले.

पुढचे तीन आठवडे बाई रोज सकाळी अर्धा तास लिहीत होत्या. काय लिहितात ते मेकॅनिकांना ठाऊक होतं; पहिल्याच दिवशी वरती लेकीचं घरातलं नाव उमटलेलं त्यांनी पाहिलं होतं. पुढचं वाचलं नाही. मशीनवर चढवलेला कागद मेकॅनिकनं वाचायचा नसतो, हा त्यांच्या धंद्याचा रिवाज होता. त्याच भरवशावर वकिलांची ऑफिसं त्यांना आत घेत. अर्धा तास झाला की ते स्क्रीन भिंतीकडे वळवून ठेवत.

तिसऱ्या शनिवारी लेक सकाळी लवकर आली. आंघोळपाणी उरकून बाई झोपी गेल्या होत्या, मेकॅनिक औषधं आणायला गेले होते. लेकीनं पलंगाखालचा केर काढला, टॉवेलांच्या घड्या घातल्या, पाट पुसायला घेतला आणि पुसण्यासाठी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

मेकॅनिक आले ते दारातच थांबले. मग पिशवी खाली ठेवून त्यांनी झाकण उघडलं. काळं. बंद करून चालू केलं. कोरं पान आलं.

"असं का करताय?" लेक म्हणाली. "सेव्ह केलेलं असेल ना."

"म्हणजे?"

 लेकीनं समजावून सांगितलं. चाळीस वर्षं मशीनं हाताळलेला माणूस आणि तीस वर्षं टाइप केलेली बाई, दोघांच्याही मनात आलं नव्हतं की उमटलेलं अक्षर पुन्हा वेगळं ठेवावं लागतं. उमटलं की ते उमटलं. दुरुस्तीवाल्या मुलीनं सांगितलं नव्हतं, कारण हे कुणाला सांगावं लागत नाही.

"चकत्या लावून बटणं मोजलीत, बाबा, आणि एवढं—" लेकीनं वाक्य सोडून दिलं, कारण बाई जाग्या होत्या. लेक त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, "आई, झाकण मी लावलं. तुझं सगळं गेलं."

बाईंनी पाटाकडे पाहिलं. मेकॅनिक म्हणाले, आता नको, बोट थकलंय, उद्या सकाळी लिही. बाईंनी पुन्हा पाटाकडे पाहिलं. तेव्हा मेकॅनिकांनी मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी सारली आणि लॅपटॉप ठेवला. जेवणाची वेळ टळून गेली. दर दोन-चार अक्षरांनी बोट थांबायचं. लेकीनं हात पुढे केला की बाई डोळ्यांनीच तिला मागे सारत. तीन आठवड्यांचं पत्र पाच ओळींत आलं.

घंटा ओळ संपल्यावर वाजत नाही. आधी वाजते.
हातातला शब्द पुरा करायला जागा असते.
माझी वाजली. मला ऐकू आली.
मी घाबरलेली नाही. तू भांडू नकोस.
आता यंत्र नको.

लेकीनं ते दोनदा वाचलं. "कसली घंटा?" तिनं विचारलं. टाइपरायटरच्या घरात वाढूनही तिनं कधी त्याला हात लावला नव्हता. तो आईबापांचा खेळ असं तिला वाटायचं.

मेकॅनिक टेबलापाशी गेले. त्यांनी टेबलाखालचं मशीन वर काढलं, दोन कागद आणि मध्ये कार्बन घालून रोलरवर चढवले, आणि खुर्ची मागे ओढली. "बैस. हे फॉर्मला जोडायला लागेल. सलग टाइप कर."

लेक एका बोटानं अक्षरं शोधत टाइप करू लागली. खोलीत खट, मग बराच वेळ काही नाही, मग परत खट. ओळीच्या टोकाशी घंटा वाजली की मेकॅनिक तिला हातातला शब्द पुरा करू देत आणि मग रोलर मागे सरकवत. शेवटच्या वाक्यातल्या 'यंत्र'पाशी ती आली आणि घंटा पुन्हा वाजली. तिचा हात थांबला. पलंगावरून बाई तिच्याकडेच बघत होत्या.

"थांबू नकोस," मेकॅनिक म्हणाले. "अजून सात अक्षरं बसतात."

तिला उरलेला शब्द टाइप करायला बराच वेळ लागला. मग तिनं कागद ओढून काढले, कार्बन वेगळा केला. पिशवीतून फॉर्म काढला, वरचा कागद त्याला टाचला आणि नातेवाइकाच्या जागी सही केली.

मेकॅनिकांनी कार्बनच्या प्रतीसाठी हात पुढे केला. जुन्या सवयीनं, ऑफिसची प्रत फाइलला जाते.

"ती मला," लेक म्हणाली.