मोरूमामाची सहा कडवी

ये गं, अशी जवळ बस. उंबऱ्यात काय उभी राहतेस परक्यासारखी? आणि ती पिशवी ठेव खाली, कुणी पळवत नाही; सासरी परतायला अजून तासभर आहे तुला. मोरूमामाबद्दल सांगते, तू काही त्याला पाहिलेलं नाहीस.

माझा सख्खा मामा. घाटकोपरला आमच्याच चाळीत राहायचा, वॉर्ड ऑफिसात कारकून. दारात अंगठा चेंगरला तरी ओरडणार नाही. डोळे मिटून बोटांवर मोजायचा, "कृष्णदेव म्हणाले, सोस. बुद्धानं तेच सांगितलं. महावीरांच्या कानात खिळे ठोकले, ते हलले नाहीत. चाळीतल्या टीचरबाईंच्या येशूनं क्रूस वाहिला. बेकरीवाले चाचा म्हणतात, सबर कर. पाचांचं एकमत आहे, म्हणजे मला दुखत नाहीये." मग गुपचूप मामीकडे हळद मागायला जायचा.

माझं लग्न चाळीच्या चौकातच झालं, तेव्हा मंगलाष्टकं त्यानं स्वतः रचली. विषय काय, तर धैर्य. एकेका धर्माचं एकेक कडवं आणि सहावं माझं. सासूबाई बोरिवलीच्या, कडक. मुहूर्त टळला तर मुलाला घेऊन परत जाईन, असं त्यांनी सकाळीच सांगून ठेवलेलं, आणि त्या बोलल्या की करणाऱ्यातल्या.

मामा गायला लागला. प्रत्येक धर्माला सावकाश न्याय देत होता. हार धरून माझे हात भरून आले. अंतरपाट धरणारे दोन्ही काका असे थकले की तो खाली खाली येत नवऱ्याच्या नाकापर्यंत आला. ह्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते नाकापासून वर. ह्यांनी भुवई उडवली. मला हसू आवरेना.

सहावं कडवं सुरू झालं. लेक निघाली, मन घट्ट करा, असं काहीसं होतं. शेवटच्या ओळीला मामाचा आवाज चिरकला. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, शब्द नाही. लोक मुठीत अक्षता धरून थांबले. भटजी घड्याळ बघून पुटपुटले की अर्धंच मिनिट राहिलंय, पण दुसऱ्याचं कडवं मध्ये तोडायला ते तयार नव्हते. सासूबाईंनी पदर खोचला.

मग मीच अंतरपाटाआडून खणखणीत म्हटलं, "शुभमंगल सावधान."

नवरीनं कधी म्हणतात का गं? पण अक्षता पडल्या, बँड वाजला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तोंडाळ आहे. पण तोंड वेळेवर उघडते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा बोरिवलीला हजर. डोळे सुजून भोपळे झालेले.

"विहीणबाई, पोरीला धीर द्यायला आलो," म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्या हातात टॉवेल दिला. "आधी तुम्ही तोंड धुवा. ती आत पोहे खातेय."

आता मामा नाही. आणि मला तर त्याच्याएवढाही धीर नाही. तेव्हा येत्या रविवारीच ये.