यंत्राला लावलेले वळण

इंटरनेटवरील यच्चयावत घातक चित्रफिती नौपाड्यातील आपल्या खुर्चीत बसून एकट्याने बंद करता येतील, असा विश्वास बाळगणारे गृहस्थ माझ्या माहितीत एकच आहेत, आणि शिक्षकखोलीत वर्षानुवर्षे त्यांची खुर्ची माझ्या शेजारी होती. आम्ही सारे त्यांना नुसते सर म्हणतो. निवृत्तीनंतर त्यांच्या लाल शाईला काम उरले नव्हते. अशातच फोनवर 'तीन दिवसांत मूतखडा विरघळवा' हे शीर्षक दिसले आणि त्यांच्यातील परीक्षक जागा झाला. रोज सकाळी चहानंतर ते तक्रारी नोंदवू लागले. तक्रारीसाठी दिलेल्या चिमुकल्या चौकटीत ते 'महोदय' असा मायना घालीत, विषय लिहीत, मुद्दे क्रमाने मांडीत, आणि 'आपला विश्वासू' येण्यापूर्वीच जागा संपे. सही राहिल्याची रुखरुख त्यांना दिवसभर पुरे. सदर चित्रफीत नियमांत बसते, असे उत्तर आले की सर शांतपणे म्हणत, "ज्यांनी हे नियम केले, त्यांची एकदा तोंडी परीक्षा घ्यायला हवी."

उत्तरपत्रिका पूर्ण वाचल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, हे त्यांचे व्रत. त्यामुळे प्रत्येक चित्रफीत ते अथपासून इतिपर्यंत पाहत. शंका आल्यास दोनदा. यंत्राचा अर्थातच गैरसमज झाला. हे गृहस्थ असल्या उपचारांचे मोठे भक्त आहेत असे मानून ते रोज नवे वैदू आणि नवे काढे हजर करू लागले. "बघा, प्रादुर्भाव किती वाढलाय," असे म्हणून सर मला फोन दाखवीत.

गेल्या श्रावणात मी त्यांच्याकडे बसलेलो असताना वहिनी चक्कर येऊन ओट्याजवळ खाली बसल्या. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि गोळीची चौकशी केली. ती वहिनींनी महिनाभरापूर्वीच बंद केली होती. त्याऐवजी त्या दुधीचा रस घेत होत्या.

"कोणी सांगितलं तुला?" सरांनी विचारले.

"तुमच्याच त्या वैदूने. रोज सकाळी त्याचं शेवटपर्यंत ऐकता. मला वाटलं, तुम्हाला पटलं असणार. माझं इतकं कधी ऐकलं नाहीत."



गोळी पुन्हा सुरू झाली, वहिनी सावरल्या. मानपाड्याहून त्यांची मुलगी आली. दोघांचे फोन एकाच खात्यावर चालतात हे तिच्या ध्यानात आले. "बाबा, तक्रार करा, पण शेवटपर्यंत बघत बसू नका," ती म्हणाली. "आणि काही दिवस रोज दुसरं काहीतरी चांगलं बघा, म्हणजे हे येणं थांबेल." यंत्राला वळण लावायचे आहे म्हटल्यावर सरांनी वेळापत्रकच आखले. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघे शेजारी बसतात, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि रांगोळ्या, पक्षी, पैठणीचे विणकाम असे सारे अथपासून इतिपर्यंत पाहतात.

परवा मला दारापर्यंत सोडायला आलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आता एकही वैदू येत नाही. म्हणून दुपारी माझ्या फोनवर मीच एखादा शोधून लावून ठेवते. यंत्र सुधारलं असं यांना वाटलं, तर उठून जातील."

"आणि गोळी?"

"ती घेते हो, न चुकता."

आतून सरांची हाक आली, "अगं, सुगरणीचं घरटं अर्धंच राहिलंय." वहिनी आत गेल्या. मी चपला घालून जिना उतरलो. यंत्राच्या प्रगतीबद्दल सरांना मी अद्याप काही सांगितलेले नाही.