वगळलेली नोंद

काही आठवायचं असलं की "थांब, येतंय," म्हणत नर्सबाई अंगठ्यानं कपाळ दाबायच्या. आणि ते यायचंच. पेणजवळच्या गडब गावाच्या आसपास त्यांनी जन्मभर बाळंतपणं केली होती. बाजारात भेटलेल्या एखाद्या मिशीवाल्या माणसालाही त्या सांगायच्या, "तू अवसेचा. आईला तुझ्या दीड दिवस कळा." माझी ओळख मात्र सगळीकडे एकच, "हा पायाळू."

मी तेव्हा पेणला घरी राहून पीएचडीचं काम करत होतो. माणसाला आठवतं कसं, हे कॉम्प्युटरवर मांडायचं होतं. पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि आठवतील तसे सांगायला लावायचे. कुठले शब्द निसटतील, याचा माझ्या प्रोग्रॅमचा अंदाज बरोबर येतो का, ते बघायचं. ओळखीची माणसं गोळा केली. नर्सबाई आपणहून आल्या, इस्त्रीचं पातळ नेसून.

त्यांनी 'मीठ' सांगितलं. मग 'कंदील'. मग पुन्हा 'मीठ'.

"मीठ सांगितलं का रे मी?"

"सांगितलंत."

अंगठ्यानं कपाळ दाबून त्या म्हणाल्या, "मीठ." मग 'सुई' म्हणाल्या. सुई यादीत नव्हतीच.

आठवड्यानं दुसरी फेरी घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो, तर म्हणाल्या, "यादी? कसली यादी? मी कुठं आले होते?" आणि हसल्या. मला तेव्हाच कळलं. विस्मरणाच्या आजाराबद्दल वाचलेलं होतं मी सगळं.

पण त्यांच्या आकड्यांनी माझा आलेख बिघडत होता. नियमाप्रमाणे कारण लिहून एखादी नोंद वगळता येते. मी कारण लिहिलं, 'सूचना समजल्या नाहीत.' आलेख सुरेख जुळला.

पहिल्या दिवशी शब्द सांगून निघताना त्यांनी विचारलं होतं, "पास झाले ना मी?"

"पहिल्या नंबरानं," मी म्हणालो होतो.

दोन वर्षांनी त्या पेणला जायचं म्हणून कासू स्टेशनात गाडीत बसल्या आणि उलट दिशेला, रोह्याला जाऊन उतरल्या. कुठल्या गावच्या, ते सांगता येईना. स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या एका बाईनं ओळखलं म्हणून बरं. तिचे दोन्ही मुलगे नर्सबाईंच्या हातचे.

त्यानंतर त्या रोह्यालाच मुलीकडे राहिल्या. मी भेटायला गेलो, तेव्हा मायलेकी वाल सोलत होत्या. नर्सबाईंनी मला ओळखलं नाही.

मुलगी खाली बघूनच म्हणाली, "आई तुमच्याकडं परीक्षेला आली होती ना? तेव्हा काय जाणवलं होतं का? डॉक्टर म्हणतात, हे बरंच आधीपासून असणार. मला मेलीला कसं नाय कळलं, हेच डोक्यात फिरतं."

मी म्हणालो, "नाही. तेव्हा अगदी ठणठणीत होत्या."

तिनं मोठा श्वास सोडला. "मग बरं," म्हणाली. तिचं ओझं हलकं व्हावं म्हणून मी खोटं बोललो, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो.

नर्सबाई सोललेले दाणे आणि सालं एकाच ताटात टाकत होत्या. मुलगी ती वेगळी करत होती. मीही खाली बसलो आणि सालं वेचू लागलो.