पाटीवरचा ळ

आज सकाळी दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत माळी बॉक्सवुडची झुडपं गोल कातरत होता. पानांचा उग्र वास आला आणि आईची आठवण झाली. माझ्या दारावरची पिवळसर, गुळगुळीत पाटी याच जातीच्या लाकडाची आहे.

मी लहान असताना बाबांना इथेच, दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळालं होतं. दारावर लावायची पाटी आणायला आई मला घेऊन बाजारात गेली. कोरीवकाम करणाऱ्या चाचांनी मोठ्या कौतुकाने पाटी पुढे केली. तिच्यावर होतं, 'पिंगले'.

"ये ल नहीं, ळ है," आई म्हणाली.

"बहनजी, ये अक्षर हमारे यहाँ नहीं होता."

"हमारे यहाँ होता है."

हिंदी बोलावं लागू नये म्हणून भाजीवाल्याशीही मला बोलायला लावणारी माझी आई! मी लाजेने तिचा पदर ओढत होते, "चालेल गं आई, चल ना." तिने चाचांची पेन्सिल घेतली आणि लाकडाच्या नव्या तुकड्यावर ठसठशीत ळ काढून दिला. चाचांना तो शेवटपर्यंत उच्चारता आला नाही. पण त्यांनी तो कोरला असा, की त्या घट्ट लाकडात त्याची एक कडही अजून झिजलेली नाही.

लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही. लोक त्याची नाना कारणं सांगतात. खरं कारण दारावर आहे. कुणी "पिंगलेजी" म्हणालं, की मी पाटीवर बोट ठेवते आणि आईच्याच आवाजात म्हणते, "ल नहीं, ळ."